आगिसच्या उशा आणि देवाचं झाड

प्राचीन ग्रीसमध्ये आगिस नावाचा एक माणूस होता, त्याच्या घरातली पांघरुणं आणि उशा गेल्या. हरवल्या का कुणी उचलल्या, काही कळेना. मग तो देवाकडे गेला, आणि देव कोण तर थेट झ्यूस, विजा फेकणारा, सगळ्या ग्रीक देवांचा राजा. त्याने लिहून विचारलंय की माझी पांघरुणं आणि उशा बाहेरच्या कुणी चोरल्या असतील का? बाहेरच्या कुणी, हे शब्द नीट ऐका, म्हणजे मनात कुठेतरी घरातल्याच माणसावर संशय आहे त्याचा, पण ते नाव लिहायला हात धजत नाहीये.

हे सगळं घडलं दोदोनाला. ग्रीसच्या वायव्येला एपिरस नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे तोमारोस डोंगराच्या पायथ्याशी ही जागा, अथेन्सपासून खूप लांब. आणि इथलं देवस्थान म्हणजे काय तर एक झाड. ओकचं झाड. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापर्यंत इथे धड देऊळसुद्धा नव्हतं, उघड्यावर झाड आणि त्याच्याभोवती तिवईवर ठेवलेली ब्राँझची मोठी भांडी, बस. इथे झ्यूसच्या जोडीला त्याची देवी दिओने. होमरच्या इलियडमध्ये वीर अकिलीस आपल्या मित्राला लढाईवर पाठवताना याच दोदोनाच्या झ्यूसला हाक मारतो, आणि तिथल्या पुजाऱ्यांबद्दल म्हणतो की ते पाय धूत नाहीत आणि जमिनीवरच झोपतात. मला हे फार आवडतं, कारण मातीला पाय लावून राहणं हीच त्यांची पूजा असणार असं वाटतं.

नंतर पुजारणी आल्या. इतिहासकार हिरोडोटस स्वतः इथल्या तीन पुजारणींशी बोललाय, त्यांची नावंही त्याने लिहून ठेवलीयत, प्रोमेनिया, तिमारेते आणि निकांद्रा. त्यांनी सांगितलं की इजिप्तमधल्या थीब्ज शहरातून दोन काळ्या कबुतरी उडाल्या, एक लिबियात गेली आणि दुसरी इथे येऊन या ओकवर बसली, आणि माणसाच्या आवाजात बोलली की इथे झ्यूसचं ठाणं करा.

पण मला खरं सांगायचंय ते शिशाबद्दल. शिसं मऊ असतं, टोकदार काहीही घेतलं की त्यावर अक्षरं कोरता येतात. लोक यायचे, तळहातावर मावेल अशा पातळ पट्टीवर आपला प्रश्न ओरखडायचे, मग तिची घडी घालायची किंवा गुंडाळी करायची, आणि बाहेरच्या बाजूला ओळख पटावी म्हणून नावाची अक्षरं नाहीतर एखादा शब्द. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, हा कौलच. काही पट्ट्या तर सपाट करून पुन्हा वापरल्यात, जुन्या प्रश्नावर नवा प्रश्न, दोन माणसांच्या काळज्या एकाच तुकड्यावर.

१९२९ पासून पुरातत्त्वज्ञ दिमित्रिओस एव्हांगेलिदिस यांनी इथे खोदलं तेव्हा अशा पट्ट्या ढिगाने मिळाल्या. त्यावरचे ४,००० हून जास्त मजकूर २०१३ साली छापून आले. ते वाचायचं काम दाकारिस, वोकोतोपूलू आणि ख्रिस्तिदिस या तीन अभ्यासकांनी केलं, गंजलेल्या शिशावरचा एकेक ओरखडा बघत, आणि पुस्तक आलं तेव्हा तिघांपैकी एकही हयात नव्हतं.

आणि लोकांनी विचारलंय काय? ग्रीक धर्म म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संगमरवरी खांब येतात, पुतळे येतात, पण त्या धर्मात एक पवित्र ग्रंथ नाही, अमुक मान्य कर अशी अट नाही, तिथे मुख्य सवाल असायचा की मी आता करू काय आणि कुठल्या देवाचं करू. त्यामुळे पुष्कळ पट्ट्यांवर विचारण्याची पद्धत एकच, असं केलं तर माझं जास्त भलं होईल का? कुणी विचारतो मेंढ्या पाळू का. हेर्मोन विचारतो की कोणत्या देवाला धरलं तर क्रेताया नावाच्या बाईपासून मला आणखी मूल होईल, आत्ता आहे त्याच्याशिवाय. लिसानियास तर सरळ विचारतो, अन्निलाच्या पोटातलं मूल माझं आहे ना. हे वाचताना अंगावर येतं हो, कारण बायकोला विचारता येत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच नाही, म्हणून कित्येक दिवस चालत येऊन झाडाखालच्या देवाला विचारायचं. अख्खी शहरंसुद्धा विचारायची, कॉर्फू बेटावरच्या लोकांनी विचारलंय की आमच्यात एकोपा राहावा म्हणून कुठल्या देवाला नाहीतर वीराला बळी देऊ, कुणाची प्रार्थना करू.

मोठा इतिहासही होऊन गेला इथे, एपिरसचा राजा पिऱ्हस याच्या काळात प्रचंड थिएटर बांधलं गेलं, ख्रिस्तपूर्व २१९ मध्ये एतोलिया या दुसऱ्या ग्रीक भागातल्या लोकांनी देवस्थान जाळलं, ख्रिस्तपूर्व १६७ मध्ये रोमन सैन्याने सगळा एपिरस लुटला, आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या शेवटी तो ओकही गेला. आज तिथे ओक दिसतो तो नंतर लावलेला आहे.

एक पट्टी राहिली. कित्तोस नावाचा गुलाम होता. मालकाचं नाव दिओनिसिओस. मालकाने त्याला शब्द दिला होता. पट्टीवर एवढाच प्रश्न आहे की दिओनिसिओसने जे स्वातंत्र्य कबूल केलंय, ते कित्तोसला त्याच्याकडून मिळेल का?