चेहऱ्यावरचा तीळ दिसतो, तळपायावरचा कोण बघतं?

नमस्कार श्रोतेहो. आज अंगावरच्या तिळांबद्दल बोलायचंय, आणि आधीच सांगते, कुणाला घाबरवायला मी इथे आलेली नाही. तीळ सगळ्यांनाच असतात, लहानपणापासून पार तिशी-पस्तिशीपर्यंत नवे येत राहतात, गरोदरपणात थोडे गडद होतात, काहींवर केसही उगवतात, आणि त्यातले जवळपास सगळे जन्मभर काहीही त्रास देत नाहीत. मानेवर, काखेत लोंबणारे मस, गालावरचे बारीक काळे ठिपके हेसुद्धा बहुतेक वेळा साधेच असतात.

पण एखादा तीळ बदलायला लागला तर तो मेलेनोमा नावाचा कॅन्सर असू शकतो, आणि एखादा मेलेनोमा तर आधी काहीच नव्हतं अशा कातडीवर नवा डाग म्हणून येतो. आपल्याकडे हा कॅन्सर कमी, हे खरंय. गोऱ्या कातडीच्या लोकांना तो खूप जास्त होतो, त्यामुळे त्याची सगळी माहिती, सगळे फोटो, उन्हाचं आणि सनस्क्रीनचं सगळं बोलणं त्यांच्या कातडीवरून आलेलं असतं. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना होतो तेव्हा तो बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं लागतच नाही. आणि तळपाय कोण बघतं हो? चेहऱ्यावरचा तीळ आरशात रोज दिसतो, टाचेवरचा काळा डाग मात्र कुरूप असेल, काटा मोडला असेल, चप्पल लागली असेल म्हणून राहून जातो, त्याच्यावर कॉर्न कॅप लावली जाते, ब्लेडने खरवडला जातो, आणि यात महिनेच्या महिने जातात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

बॉब मार्ले, जमैकाचा तो जगप्रसिद्ध गायक, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलेनोमा झाला होता. आधी वाटलं फुटबॉल खेळताना लागलंय. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये तो गेला, वय फक्त ३६.

नखाचं जरा नीट सांगते, कारण इथे खूप गोंधळ होतो. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर तपकिरी उभ्या रेघा असतात, वर्षानुवर्षं तशाच असतात, त्यांचं टेन्शन घेऊ नका. पण एकाच नखावर नवीन काळी रेघ आली, ती रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला, तर दाखवायलाच हवं. मार लागून रक्त साकळलं असेल तर तो डाग नख वाढेल तसा पुढे सरकत जातो आणि मागून स्वच्छ नख येतं, अंगठ्याला पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पण सरकताना तरी दिसतोच. सरकतच नसेल तर डॉक्टरकडे जा.

बाकी अंगावर काय बघायचं तर बदल. तिळाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यासारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात काळा-तपकिरी-लालसर-पांढरट असे रंग, पेन्सिलच्या मागच्या टोकापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि मुख्य म्हणजे काही आठवड्यांत-महिन्यांत वाढतोय, खाजतोय, न खाजवता रक्त येतंय. आपल्या अंगावरचे तीळ साधारण एका वळणाचे असतात, त्यात एखादाच वेगळा दिसत असेल तर तो दाखवा. चाळिशीनंतर नवीनच उगवला आणि वाढतोय तर तोही दाखवा. आणि महिनाभरात न भरणारी जखम, मग ती कुठल्याही रंगाची असो, कारण काही मेलेनोमा काळे नसतातच, गुलाबी गाठीसारखे असतात.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून बघा, तळपाय, बोटांच्या मधल्या जागा, सगळी नखं. पाठ घरच्या कुणालातरी बघायला सांगा. ज्यांना शुगर आहे ते जखमांसाठी पाय तपासतातच, त्यांनी डागही बघून घ्यावेत. शंका आलेल्या तिळाचा मोबाईलवर फोटो काढा, शेजारी शाळेतली पट्टी ठेवून, म्हणजे पुढच्या वेळी मोठा झाला की नाही ते कळेल. पण आत्ताच रक्त येत असेल किंवा झपाट्याने वाढत असेल तर फोटो काढत महिने घालवू नका, सरळ जा.

आता एक कळकळीची विनंती. तिळाला चुना-सोडा लावू नका, घोड्याचा केस बांधू नका, ॲसिडने जाळू नका, आणि पार्लरमध्ये लेझरने उडवून घेऊ नका. जळून गेलेल्या तिळाची तपासणी करता येत नाही, वरचा डाग जातो आणि आतलं तसंच वाढत राहतं. डॉक्टरने तीळ काढला तर तुकडा तपासणीला पाठवलाय का ते विचारा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

आणि ते 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे घरोघरी ऐकू येतं ना, ते खरं नाही. बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासल्याने, मेलेनोमा पसरत नाही, उलट तो कातडीत किती खोल गेलाय हे त्यातूनच कळतं. १ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर बहुतेक वेळा आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट काढला की काम होतं. हात लावायचा नाही म्हणून थांबलं तर तोच पुढे जांघेतल्या-काखेतल्या गाठींमध्ये, फुप्फुसात जातो.

जायचं कुठे तर त्वचारोगतज्ज्ञाकडे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्किनची ओपीडी असते, जिल्हा रुग्णालयातही विचारा. बरेचदा डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात, दुखत नाही, आणि पुष्कळ लोकांना तिथेच काही नाही म्हणून घरी पाठवतात. जाताना नेलपॉलिश, मेंदी, आलता काढून जा. डाग कधीपासून आहे, काय बदललं, घरात कुणाला असा कॅन्सर झाला होता का, हे सांगा, आणि तुम्ही हाताचा डाग दाखवायला गेला असाल तरी चप्पल काढून तळपायही बघायला सांगा.