सा एकदाच, नी आठ वेळा
(दादरला दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

एवढ्या पावसात, ट्रेन लेट असताना आलात, त्याबद्दल आधी थँक्यू. मी कॉलेजात गणित शिकवते आणि घरी पियानोसाठी लिहिते, आणि मला नेहमी एकच प्रश्न येतो, अहो गणितातून आलेल्या संगीतात भाव कुठून येणार? उत्तर मी बोलून कमी आणि या पियानोवर जास्त देणारे.

आधी यानिस झेनाकिसबद्दल सांगते. ग्रीक संगीतकार, शिकलेला इंजिनियर, पॅरिसला आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात काम करायचा. संगीत शिकायला फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँकडे गेला तर त्यांनी त्याला हार्मनी गिरवत बसायला लावलंच नाही, म्हणाले तुझं गणित आहे, तुझं आर्किटेक्चर आहे, तेच संगीतात आण. केवढा मोठा गुरु बघा! मग 1961 ला त्याने 'हेर्मा' लिहिलं, एकट्या पियानोसाठी. पियानोच्या 88 पट्ट्या म्हणजे एक संच, त्यातले तीन उपसंच, आणि मग आपण शाळेत वेन आकृत्या काढायचो ना, छेद, संयोग, पूरक, तेच सगळं सुरांवर. पुढे त्याने आणखी एक युक्ती काढली, तिला तो चाळणी म्हणायचा. 1980 चं 'मिस्ट्स' त्या चाळण्यांवर उभं आहे.

चाळणी आपल्याला समजावून सांगायला नको. भोकं कशी आहेत त्यावर खाली काय पडणार ते ठरतं. आता पियानोच्या पट्ट्या डावीकडून मोजा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, 1 ते 88. एक चाळणी तीनच्या पाढ्याची, दुसरी पाचच्या पाढ्याची, आणि दोन्हींपैकी कुठल्याही एकीतून पडलं तरी चालेल. मग 3, 5, 6, 9, 10, 12, 15 असं मिळतं. तीनच्या पाढ्यातल्या 29, पाचच्या 17, दोन्हीत येणाऱ्या 5 दोनदा मोजल्या म्हणून वजा केल्या, उरल्या 41. बाकी 47 पट्ट्या गप्प.

मी हे वहीत केलं तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मग माझ्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि त्या 41 पट्ट्यांवर एकेक टिकली लावत गेले, खाली पाऊस पडतोय, हवेने पट्ट्या थोड्या फुगलेल्या, दोनतीन तर दाबल्या की वर यायलाच तयार नाहीत, आणि लावता लावता लक्षात आलं की पांढरी एक सा धरली तर या पियानोवर आठ सा आहेत, आणि टिकली फक्त एकाच सा वर आहे, साधारण मधल्या, चाळिसाव्या पट्टीवर. आणि नी? शुद्ध नी पण आठच, आणि आठही नींवर टिकली! मी उठून परत मोजलं.

कारण साधं आहे. सप्तक बदललं की बारा पट्ट्या पुढे जातो. बाराला तीनने भाग जातो, म्हणून तीनच्या पाढ्यातला सूर प्रत्येक सप्तकात टिकतो. पाचने जात नाही, म्हणून सा ला पाचच्या चाळणीतून पडायची संधी एकदाच मिळते. पण कानाला हे कारण माहीत नसतं. कानाला एवढंच माहीत असतं की नी आला, आता सा येणार. अगदी उजव्या टोकाला सत्त्याऐंशीवी पट्टी नी आहे आणि शेजारची शेवटची पट्टी सा, पण ती गप्प. तुम्ही म्हणता तो भाव मला तिथे दिसला, त्या न वाजणाऱ्या पट्टीत.

हेच लयीलाही लागतं. पंधरा मात्रा धरा, तबलेवाल्यांची पंचम सवारी पंधराचीच. तीनच्या आणि पाचच्या मात्रांवर ठोका दिला की अंतरं येतात 3, 2, 1, 3, 1, 2, 3. उलटं वाचा, तेच. अशा उलटसुलट सारख्या लयी मेसियाँला फार प्रिय होत्या, आणि त्याने शार्ङ्गदेवाचे देशी ताल आपल्या संगीतात वापरले. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात असे 120 देशी ताल दिलेत. शार्ङ्गदेव कुठला? आपल्या देवगिरीचा, तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारात हिशेबाचं काम बघणारा. म्हणून हे काहीतरी परकं आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो, खरंच येतो.

आता चाळणीने काय केलं नाही तेही सांगते. कुठला सूर आधी, किती जोरात, किती वेळ धरायचा, हे तिने सांगितलं नाही. पहिल्यांदा मी तेही फाशांवर सोडलं होतं. दोन पानं झाली, वाजवली, फाडली, कारण सा तिसऱ्याच सेकंदाला येऊन गेला आणि पुढे ऐकण्यासारखं काही उरलं नाही. मग मी स्वतः ठरवलं की तो शेवटपर्यंत राखून ठेवायचा.

तर आता वाजवते, अडीच मिनिटं आहे. टिकल्या अजून पट्ट्यांवर आहेत, पुढे बसलेल्यांना दिसतील. आधी सगळ्यात खालचा नी येईल, मग एकेक करत वरचे. फॅन जरा बंद करता का?