जाळीत कोण हललं?

आपल्या बागेत दोरीचा बोगदा, म्हणजे मुलांनी आत शिरून सरकत जायची दोऱ्यांची जाळी, बसवायचा तर आधी जपानमधलं हाकोनेचं जाळं बघू. तिथे मोठ्यांना प्रवेश नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्याचे फोटो बघून तुमच्यातले निम्मे पालक चपला काढायला लागतील.

टोकियोच्या नैऋत्येला हाकोने इथे उघड्यावरचं एक शिल्पसंग्रहालय आहे. तिथे २००९ साली तेझुका आर्किटेक्ट्सनी एक लाकडी मंडप उभारला. एकमेकींवर रचलेल्या ५८९ तुळया, आणि जोडणीला धातू अजिबात नाही. आत लटकते ती तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम यांनी हातानं विणलेली रंगीत नायलॉनची जाळी. तिच्यात खोलगट पिशव्या आहेत, शिरायला भोकं आहेत, खाली लोंबणारे गोळे आहेत. आपल्याकडे दाराचं तोरण विणतात तोच क्रोशा, फक्त माप राक्षसी.

तोशिकोबाई मुळात कापडातून शिल्पं करणाऱ्या कलावंत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या एका प्रदर्शनात दोन मुलं टांगलेल्या कलाकृतीत चढली. आपल्याकडे असतं तर सुरक्षारक्षकानं कान धरून खाली उतरवलं असतं. बाईंनी मात्र पाहिलं की पोरं आत शिरल्यावर ती वस्तू जिवंत झाली. मग सुट्टीच्या दिवशी टोकियोतली मैदानं पालथी घालत त्या मुलं कशी खेळतात ते बघत राहिल्या. १९७९ मध्ये ओकिनावाच्या उद्यानात त्यांचं मोठं जाळं लागलं, २००० मध्ये होक्काइदोत आणखी एक.

आता यात खेळ नेमका कुठे आहे? घसरगुंडीवर रांग लागते. एक खाली गेला की दुसरा. दोरीच्या बोगद्यात तसं नसतं. एक मूल पोटावर सरकतंय, गुडघा जाळीच्या घरात रुततोय, हातानं पुढची दोरी ओढतंय. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी आत उडी घेतं आणि याच्या पोटाखालची दोरी वर उचलली जाते. न बघता याला कळतं की कुणीतरी आलं. एक दोरी ओढली की ताण सगळ्या जाळीत वाटला जातो, म्हणून एकाची हालचाल सगळ्यांना लागते. घाबरट मूल अर्ध्यात थांबतं, पण इतरांच्या हलण्यानं त्याचाही झोका चालूच राहतो. मला विचाराल तर सबंध मैदानात हेच एक साधन असं आहे की ज्यात नुसतं पडून राहणारं मूलही खेळात असतं.

दोरीशी आपली ओळख जुनीच आहे. दोरीच्या मल्लखांबावर आपली मुलंमुली सुती दोरीचा तिढा घालून डोकं खाली करून लोंबकळतात. पण तिथे खाली शिक्षक उभे असतात. बागेत कुणी उभं नसतं, म्हणून तिथे मापाला शिक्षकाचं काम करावं लागतं.

ते माप नीट ऐका. खेळसाधनांच्या युरोपीय मानकात भोकं तपासायला दोन ठोकळे वापरतात: ८९ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे लहान मुलाचं धड, आणि २३० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे डोकं. जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या वरच्या बंदिस्त भोकात पहिला ठोकळा जात असेल, तर दुसराही गेलाच पाहिजे. मधलं माप सगळ्यात वाईट. पाय गेले, कंबर गेली, छाती गेली, आणि हनुवटीखाली अडकलं. आणि दोरी ताणते, म्हणून मोजणी रिकाम्या जाळीची करून भागत नाही. वजन टाकून घरं पुन्हा मोजायची. गळ्यातली ओढणी, शाळेच्या ओळखपत्राची दोरी, सायकलचं हेल्मेट, हे सगळं बाहेर काढून ठेवायचं. हेल्मेटमुळे डोकं मोठं होतं आणि वरचा सगळा हिशेब फुकट जातो.

बागांत जास्त दिसतो तो प्रकार वेगळा. बर्लिनचे वास्तुविशारद कोनराड रोलांड यांनी १९७०च्या दशकात चढायची त्रिमिती जाळी आणली, त्या घराण्यातला. त्यातल्या दोरीच्या पोटात पोलादी तार असते आणि वरून पॉलिएस्टरचं किंवा नायलॉनचं आवरण. जोडाला गाठ मारत नाहीत, कडी दाबून बसवतात. ही दोरी चाकूनं सहज कापली जात नाही, तेव्हा सार्वजनिक जागेला हीच बरी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. कृत्रिम दोरीचं उलटं आहे. ती न जळताही ऊन तिचा कस काढून घेतं आणि वरून आकार तसाच राहतो. हाकोनेच्या जाळ्यावर छप्पर आहे. आपल्या बागांत एप्रिल-मे बोडक्या डोक्यानं काढायचा असतो. म्हणून सावली आधी, बोगदा नंतर. झाडं असतील तिथेच जागा धरा.

आणि निविदेत दोरी बदलण्याचा खर्च वेगळा मागून घ्या. उद्घाटनाला सगळे येतात, दोरी तपासायला कुणी येत नाही. माळीबुवांना एवढंच शिकवा: सकाळी जाड हातमोजा घालून दोरीवरून हात फिरवायचा, वाकणाऱ्या जागी आणि कडीच्या तोंडाशी जास्त. आवरण फाटून तार बाहेर आली असेल, तर बोगदा त्याच दिवशी बंद; रविवार असला तरी.