आधी भाव सांगा

(दृश्य : कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग, जिनिंगचं फाटक)

हंगामात पारोळा-अमळनेरकडच्या कुठल्याही जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी उभं राहा. आत जाणारा गाडीवाला बाहेर येणाऱ्याला एकच विचारतो, "कापूसना भाव काय निंघना?" उत्तरात आधी आकडाच येतो. ओलावा किती धरला, कट्टी म्हणजे वजनातली घट किती कापली, रांगेत किती वेळ गेला, हे सगळं मागाहून.

याच घरांतली पोरं शिकतात, जळगावच्या नाहीतर पुण्याच्या कंपनीत लागतात, आणि तिथे प्रेझेंटेशनला उभी राहिली की नेमका हाच क्रम उलटा करतात.

(दृश्य : जळगाव एमआयडीसी, चटईच्या कारखान्यात चालू लूम)

जळगावची प्लास्टिकची चटई दूरदूर जाते. समजा, अशाच एका कारखान्यात नव्या इंजिनिअरला सांगितलं की लूम, म्हणजे चटई विणणारी मशीन, वारंवार बंद का पडतात ते शोधून काढ. पोरगा मेहनती. पंधरवडाभर नोंदी ठेवतो, कारणही सापडतं : पाळी बदलताना भरलेल्या बॉबिन, म्हणजे धाग्याची रिळं, तयार नसतात. आता मीटिंग. पहिल्या स्लाईडवर गुलाबाची फुलं आणि 'सुस्वागतम्'. दुसरीवर कंपनीचा इतिहास, तोही ज्यांच्या वडिलांनी कंपनी काढली त्या शेठना! मग लूमचे प्रकार. बॉबिन येतात बाराव्या स्लाईडवर, आणि तोवर शेठ फोन घेऊन बाहेर गेलेले असतात.

त्याने उभं राहताच एवढंच म्हणायला हवं होतं : "शेठ, मशीन चांगली आहेत. पाळी बदलताना बॉबिन नसतात म्हणून लूम थांबतात. आधीच्या पाळीला एक माणूस वाढवून द्या, हे थांबेल." मग शेठ स्वतःच विचारतील, कशावरून? तिथून पुढे नोंदी, तक्ते, फोटो. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारला की त्याला उत्तर हवं असतं, तोवर नको असतं.

(दृश्य : अंतराळयानाच्या उड्डाणाचं संग्रहित चित्रण)

महत्त्वाची गोष्ट तळाशी राहिली तर काय होतं, याचं एक उदाहरण खान्देशापासून फार लांबचं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना कोसळलं, कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा पंखावर आदळला होता. त्याने किती नुकसान झालं असेल, हे सांगणाऱ्या स्लाईडचा तपास मंडळाच्या अहवालात खास उल्लेख आहे. शीर्षक धीर देणारं होतं. अगदी शेवटच्या ओळीत मात्र असं होतं की ज्या जुन्या चाचणीवरून हा अंदाज बांधला तिच्यातला तुकडा ३ घन इंचांचा, आणि आदळलेला १९२० घन इंचांच्या अंदाजाचा. म्हणजे ६४० पट. अपघात त्या एका स्लाईडमुळे झाला असं कोणी म्हणत नाही. पण ती वाचणाऱ्या वरिष्ठाला जिवाचा धोका जाणवला नसेल, हे समजण्यासारखं आहे, असं मंडळाने नोंदवलं.

(दृश्य : खिडकीतून ऊन आलेली बैठकीची खोली, फिकट पडलेला पडदा)

आता थोडं सामानाचं. आपल्याकडच्या उन्हात, खिडक्यांना पडदे नसलेल्या खोलीत, काळ्या पार्श्वभूमीवरची निळी अक्षरं दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळी ठेवा, मोठी ठेवा. मराठी मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर दुसऱ्याच्या संगणकावर त्याचा खिचडा होतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ प्रत जवळ ठेवा. पॉवरपॉइंट १९८७ पासून आहे, पण त्यातलं सगळ्यात उपयोगी बटण फार थोडे वापरतात : स्लाईड शो चालू असताना कीबोर्डवरचा 'बी' दाबला की पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघू लागतात. वीज जाणार हे गृहीत धरून एका पानावर मुद्दे छापून न्या. आणि स्लाईडवरचं वाचून दाखवू नका. समोरच्यांना वाचता येतं.

(दृश्य : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परिसर, फाइल घेऊन बसलेली मुलंमुली)

नोकरीच्या मुलाखतीतही क्रम असाच चुकतो. पहिला प्रश्न ठरलेला : "स्वतःबद्दल सांगा." उत्तरही ठरलेलं : नाव, गाव, वडील शेती करतात, आई गृहिणी, दहावीला इतके टक्के. यातलं बरंचसं मुलाखत घेणाऱ्यांच्या हातातल्या कागदावर असतंच. वडील शेती करतात हे सांगायला हरकत नाही, पण पुढे जा : "ठिबकचा हिशेब दोन वर्षं मी ठेवला. कुठल्या व्हॉल्व्हवर किती वेळ पाणी जातं ते लिहून काढलं तेव्हा गळती सापडली." आता मुलाखत घेणाऱ्याला विचारण्यासारखं काही मिळालं. हे वाक्य रटू नका, आठवा. रटलेलं पहिल्याच उपप्रश्नाला सांडतं.

शिक्षकाच्या नोकरीला डेमो पाठ असतो, तिथेही फळ्यावर तारीख-वार सजवण्यात दहातली तीन मिनिटं जातात. थेट मुलांना प्रश्न विचारून सुरुवात करा.

बोलीची धास्ती मात्र खरी आहे. केळीला 'केयी' म्हणत वाढलेली मुलगी पुण्याच्या साहेबांसमोर प्रत्येक 'ळ' सांभाळत बसते आणि मुद्दा विसरते. माझ्या मते उच्चारापेक्षा वाक्याचा शेवट जास्त घात करतो. शेवटचे दोन शब्द आपण गिळतो, आणि क्रियापद तिथेच असतं. आपलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, हे लगेच कळेल. इंग्रजीतून अडलात तर छोटी वाक्यं करा. एखादं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा आणि ते कुठून शोधाल तेही सांगा.

(दृश्य : टेबलापलीकडचे दोघे कागद आवरताना)

शेवटी ते विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" इथे बहुतेक जण "नाही सर" म्हणून उठतात. उठू नका. पहिले सहा महिने माझं काम कोण बघणार, कुठल्या लाइनवर असेन, सध्या तिथे अडचण कोणती आहे, हे विचारा. अडचण सांगितली तर वही काढा, लिहून घ्या, आणि सुचत असेल तर तिथेच एक प्रश्न आणखी टाका.