सोंगटी, फासा आणि अंकांची ओळख

समजा, एका मुलीचे वय साडेतीन वर्षांच्या आसपास आहे आणि तिच्यासमोर मण्यांचा ढीग आहे. एक ते दहा म्हणायला सांगितले की ती न अडखळता म्हणते. मात्र "मला तीन मणी दे" असे म्हटल्यावर ती मूठभर मणी उचलून पुढे करते. यात काळजी करण्यासारखे काही नाही. आकडे ओळीने म्हणता येणे आणि 'तीन' म्हणजे किती हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना आधी एकचा, मग दोनचा, मग तीनचा अर्थ उमगतो आणि प्रत्येक टप्प्यासाठी काही महिनेही लागू शकतात.

अंक ओळखणे म्हणजे लिहिलेली खूण, तिचा उच्चार आणि तेवढ्या वस्तू यांचा मनात मेळ बसणे. तक्त्यावरचा ५ दाखवून 'पाच' म्हणवून घेतले, तर खूण आणि उच्चार जोडले जातात, पण वस्तू बाजूलाच राहतात. खेळात तसे होत नाही, कारण तिथे अंकाला काहीतरी काम असते.

फासा घ्या. तीन-चार टिपके असतील तर ते न मोजता, एका दृष्टिक्षेपात कळतात. माणसाला ही क्षमता फार लहानपणापासून असते. म्हणून आधी टिपक्यांची पत्ती आणि अंकाची पत्ती यांच्या जोड्या लावायला द्याव्यात आणि सुरुवात तीनपर्यंतच्या अंकांनी करावी.

खुणांचा गोंधळ मात्र खरा असतो. चमचा उजवीकडे वळवला काय किंवा डावीकडे, तो चमचाच राहतो, असा मुलाचा तोवरचा अनुभव असतो. त्यामुळे दिशा बदलली की ३ चा जवळजवळ ६ होतो, हे त्याला पटायला वेळ लागतो. १ आणि ९ यांच्यातही अशीच गल्लत होते. असे अंक एकाच दिवशी शिकवू नयेत. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाचे अंक असतात आणि मूल लिहिण्याच्याच दिशेने त्यांवरून बोट फिरवते, म्हणजे वळण डोळ्यांइतकेच हातालाही कळते.

आता पट पाहू. एका सरळ ओळीत दहा घरे आहेत आणि त्यांत १ ते १० हे अंक लिहिलेले आहेत. रॉबर्ट सिगलर आणि गीता रामाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब कुटुंबांतील शाळापूर्व वयाची मुले असाच पट खेळली. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांची चार सत्रे, एवढाच तो खेळ होता. तरीही अंक ओळखणे, मोजणे आणि दोन संख्यांतील मोठी सांगणे, या सगळ्यांत मुलांची प्रगती झाली आणि ती नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. ज्यांच्या पटावर अंकांऐवजी रंग होते, त्या मुलांना हा लाभ झाला नाही.

या खेळातली एक बारीक गोष्ट फार मोलाची आहे. सोंगटी ४ वर आहे आणि दान दोनचे पडले आहे. मूल सोंगटी सरकवताना "एक, दोन" म्हणते. त्याऐवजी ज्या घरांवर सोंगटी पडते त्यांची नावे, म्हणजे "पाच, सहा", म्हणायला लावावीत. मग प्रत्येक पावलाला अंक डोळ्यांनी पाहिला जातो, तोंडाने उच्चारला जातो, आणि मोठा अंक म्हणजे सुरुवातीपासून अधिक दूर, हेही हाताला जाणवते.

शून्य पटावर नसते. त्यासाठी माँटेसरी पद्धतीतली काड्यांची पेटी आहे. ० ते ९ असे दहा कप्पे आणि मोजून ४५ काड्या. प्रत्येक कप्प्यात अंकाइतक्या काड्या ठेवल्या की एकही उरत नाही. उरली किंवा कमी पडली, तर चूक मुलाची मुलालाच कळते. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो.

मोठ्यांनी दर डावाला "हा कोणता अंक?" असे विचारत राहिले, की खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून जाते. त्यापेक्षा आपली पाळी आपण खेळावी, आपली घरे मोठ्याने म्हणावीत आणि एखाद्या वेळी सोंगटी मुद्दाम एक घर पुढे ठेवावी. मूल लगेच हटकते. तेव्हा कुठे चुकले, हे त्यालाच पटावर बोट ठेवून सांगू द्यावे.