तीन पांढरे दगड

(दृश्य: पांढरा ट्रे, त्यात तीन दगड. प्रयोगशाळेतली सकाळ.)

तिन्ही दगड रंगहीन, तिन्ही चकाकणारे. पुण्याच्या अवतीभवती खडीसाठी काळा कातळ फोडला की त्याच्या पोकळ्यांतून असे दगड निघतात. खाणीवर त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. भूविज्ञानाच्या या विद्यार्थिनींना मात्र प्रत्येक दगड नेमका कोणता, हे सांगायचं आहे. फोन पिशवीत आहेत. फोटो जुळवून नाव शोधायचं नाही, हा इथला नियम.

(दृश्य: खाणीची भिंत, कातळातली स्फटिकांनी भरलेली पोकळी.)

हा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांतून झिरपत राहिलं आणि थर साचत गेले. कुठे सिलिका, कुठे कॅल्शियम, कुठे दोन्ही. म्हणून एकाच पोकळीत तीन वेगळे पदार्थ शेजारी-शेजारी वाढलेले सापडतात.

(दृश्य: वहीचं पान. त्यावर हात.)

पहिल्या ओळीत एकीने ‘चकाकतो’ असं लिहिलं. बाईंनी ते खोडायला लावलं. चकाकतात तर तिन्ही! दगड उजेडात फिरवून तिने पुन्हा लिहिलं: ‘एका सपाट बाजूला मोत्यासारखी चकाकी, बाकी बाजूंना काचेसारखी.’ आता ती ओळ एकाच दगडाला लागू पडते. निरीक्षण असं हवं.

(दृश्य: सुरीचं टोक, जवळून.)

पहिल्यावर सुरीने सहज ओरखडा उठतो. मोत्यासारखी बाजू असलेल्यावरही उठतो, पण जोर लावावा लागतो. तिसऱ्यावर करडी रेघ दिसते. ती बोटाने पुसून पाहा. गेली! म्हणजे दगड कापला गेला नाही, सुरीच झिजली. हाच दगड काचेवर ओढला, तर काचेला चरा पडतो. खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये मांडलेल्या, 1 ते 10 अशा काठिण्याच्या क्रमात तो 7 वर बसतो. सुरी साडेपाचच्या आसपास आहे.

(दृश्य: ड्रॉपर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब.)

पहिल्यावर थेंब पडताच फसफस होते. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. पण थांबा, तिसऱ्यावरही थोडे बुडबुडे आले आणि लगेच विरले. इथे घाई केली की नाव चुकतं. दगड धुतला, फोडला आणि ताज्या पृष्ठभागावर पुन्हा थेंब टाकला. काहीच झालं नाही. वर पहिल्याच खनिजाचं पातळ पुट होतं, फसफसत होतं ते पुट.

(दृश्य: छापील ओळीवर ठेवलेला पहिला दगड. अक्षरं दुहेरी दिसतात.)

पहिला कॅल्साइट. तिसरा क्वार्ट्झ.

(दृश्य: ज्योतीवर परीक्षानळी.)

उरला दुसरा. त्याचा कण नळीत तापवला की वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात. कोरड्या दिसणाऱ्या या स्फटिकाच्या घडणीतच पाणी आहे. हा अपोफिलाइट. याचीच हिरवी जात पुण्याच्या पाषाण भागातल्या टेकड्यांनी जगभरच्या संग्राहकांपर्यंत पोचवली. तिथे आता घरं उभी आहेत.

(दृश्य: निळे स्फटिक, भिंगाखाली.)

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं हे आणखी एक खनिज, निळा कॅव्हन्साइट. रंग पाहून नाव सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याच खाणीत पेंटागोनाइटही निघतो. निळा रंग तोच, रासायनिक घटकही तेच, फक्त अणूंची रचना वेगळी. इथे आम्ल उपयोगाचं नाही. भिंगाखाली स्फटिकाचा आकार पाहायचा आणि तरीही शंका उरली, तर क्ष-किरणांकडे जायचं.

(दृश्य: बंद काचकपाट. मग टेबलावरचा तुकड्यांचा डबा.)

कपाटातले देखणे नमुने असे ओरखडता येत नाहीत. म्हणून बाई हा डबा ठेवतात. यातले तुकडे फोडायचे, तापवायचे, संपवायचे. खाणीच्या टाकाऊ ढिगात असे तुकडे मिळतात, ते शाळांनाही आणता येतील. जोडीला सुरी, काचेचा तुकडा, भिंग, सौम्य आम्ल आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागेल, आणि शेजारी उभं राहणारं कुणीतरी जाणतं.