दुसरी बाही

नमस्कार श्रोतेहो. या पावसाळ्यात वाचलेल्या चार पुस्तकांबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. तीन युद्धाची, एक आपल्या आजच्या काळातलं.

युद्धाचं पुस्तक हाती आलं की मी आधी शोधते, सैनिकाच्या पायात काय आहे आणि अंगावर काय आहे. नकाशे आणि सेनापती नंतर. एरिक मारिया रेमार्क यांची १९२९ सालची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही जर्मन कादंबरी मी तिसऱ्यांदा वाचली. पाय कापलेला एक पोरगा इस्पितळात पडलाय, आणि त्याच्या खाटेखाली मऊ कातड्याचे उत्तम बूट आहेत. तो गेल्यावर ते त्याच्या मित्राकडे येतात. मित्र गेला की त्याच्या मित्राकडे. पहिलं महायुद्ध मला शाळेच्या धड्यातून कळलं नव्हतं, ते या बुटांमुळे कळलं.

दुसरं पुस्तक स्वेतलाना अलेक्सिएविच यांचं, ‘द अनवुमनली फेस ऑफ वॉर’. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यातून लढलेल्या बायकांकडे त्या टेपरेकॉर्डर घेऊन गेल्या. एका घरी नवऱ्याने बायकोकडून रात्रभर युद्धाचा इतिहास पाठ करून घेतला होता, बारीकसारीक बायकी गोष्टी सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. आणि श्रोतेहो, पुस्तक उभं आहे ते त्याच बारीकसारीक गोष्टींवर. भरती होताना कापलेल्या वेण्या. पायाला ढगळ होणारे पुरुषी बूट. हे पुस्तक मला वाचनालयात मिळालं. पुस्तकं विकत जरूर घ्या, पण गावच्या वाचनालयाची वर्गणी थकवू नका. वाचनालय बंद पडलेल्या गावात मला फार उदास वाटतं.

तिसरं मराठीतलं, मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. १९६२ च्या पराभवाची हकिकत. २० ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी चिनी हल्ला झाला, तेव्हा आपल्या कित्येक जवानांच्या अंगात सुती कपडे होते, पायात कॅनव्हासचे बूट. हिमालयात, श्रोतेहो, सुती कपडे. इथे मी पुस्तक मिटलं, कारण मला माझी आत्या आठवली.

आत्या तेव्हा बावीस वर्षांची. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, दिवाळी तोंडावर आलेली. शाळेत खाकी लोकरीच्या लडी आल्या, जिला विणता येतं तिने घेऊन जायच्या. आत्याने एका स्वेटरची लोकर आणली. पण माप कुणाचं घ्यायचं? जवान कोण, केवढा, काहीच माहीत नाही. तिने माझ्या वडिलांना अंगणात उभं केलं. ते एकोणीस वर्षांचे. दोन्ही हात वर करायला लावून तिने छातीला सुतळी गुंडाळली, गाठ मारली. तेवढ्यात आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. एक शब्द न बोलता तिने ती सुतळी आत्याच्या हातातून घेतली आणि चुलीत टाकली. मग म्हणाली, “विण. पण माझ्या लेकाच्या मापाचा नको विणूस.”

आत्याने छाती दोन बोटं वाढवून धरली. दिवसा घरकाम, रात्री कंदिलाशी दोन सुलट, दोन उलट. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली. शेजारी रेडिओ होता, त्यावर बातम्या लागल्या की सुया थांबायच्या. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. आमच्या कराडचे यशवंतराव त्याच महिन्यात संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला म्हणून गावात केवढं अप्रूप! आणि आत्याच्या मांडीवर एका बाहीचा स्वेटर. आता विणून काय उपयोग, असं शेजारणी म्हणाल्या. आत्या म्हणाली, “थंडी थांबली का?” चार रात्रींत तिने दुसरी बाही विणली आणि स्वेटर शाळेत नेऊन दिला.

आता ती पंच्याऐंशीची आहे, डोळ्यांना दिसत नाही. ते सुती कपड्यांचं पान मी तिला वाचून दाखवलं. बराच वेळ ती बोटं चोळत बसली. मग म्हणाली, “अगं, माझा तर नोव्हेंबर संपताना गेला. कुणाला तरी झाला असेल ना गं?” मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

चौथ्या पुस्तकाला फार थोडा वेळ उरला. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणाने उठवलेलं गाव, मागे राहिलेली जनावरं, आणि त्यांच्या ओढीने परत गेलेला देवाप्पा. इथे युद्ध नाही, तरी युद्धाच्या पुस्तकांशेजारी मी ती मुद्दाम ठेवली. घरातून उठवलेल्या माणसाचं काय काय मागे राहतं, ते इतक्या जवळून मी दुसरीकडे वाचलेलं नाही. भाषा पन्हाळ्याच्या रानातली आहे. पहिली वीस पानं अडखळाल, पण सोडू नका. मोठ्याने वाचा, सोपी होते. आत्याला मी रोज संध्याकाळी थोडी वाचून दाखवते. खुर्चीत बसल्या बसल्या ती विचारते, “म्हशी सापडल्या का?”